वशिंड ओळखीचं निघालं

मी जनावरांचा डॉक्टर. मागच्या अंकात कडब्याला लागणाऱ्या बुरशीबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य टाकलं होतं, की ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला मुलाकडे गेलो असताना आम्ही कॅरॅव्हॅन घेऊन हिंडलो आणि एका खेड्यात रोडिओ, म्हणजे उसळत्या बैल-घोड्यांवर बसून दाखवायचा खेळ, बघितला. बुरशीबद्दल एकाही वाचकानं काही विचारलं नाही. आली ती सगळी पत्रं रोडिओवर. तेव्हा या वेळी बुरशी बाजूला ठेवतो.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमची लेक ब्रिस्बेनला असते. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडं निघालोय. जावयांनी दहा दिवसांसाठी कॅरॅव्हॅन भाड्यानं घेतलीय आणि वाटेत एका गावचा रोडिओ दाखवणार म्हणतात. नातीनं फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला तर आमचे हे उठून बाहेरच गेले. चार वर्षांमागं आमची शेवटची खिलार जोडी विकली, तेव्हा बाजाराला जाताना हे गेले नव्हते, दिराला पाठवलं होतं. आता इतक्या लांब जाऊन जनावरांचे हाल बघायचे काय? आणि नको म्हणून जावयांचं मन तरी कसं मोडायचं? दुसरं म्हणजे यांची कंबर धरते, तर मागं गाडीत झोपून जाता येतं का? त्या गाडीतच संडास असतो म्हणे, खरं काय? मी माळकरी आहे. तिथं खायला काय मिळेल?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : ताई, आधी कंबरेचं सांगतो, कारण ते एका ओळीचं आहे. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसता येत नाही, झोपताही येत नाही. तिकडं तो गुन्हा आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागं जोडलेली खोली. माणसं पुढं मोटारीत पट्टे लावून बसतात, खोली रिकामी मागून येते. यजमानांना पुढच्या सीटवर बसवा, पाठीशी उशी द्या आणि दर दीड-दोन तासांनी उतरवून चालवा. संध्याकाळ व्हायच्या आत मुक्काम गाठायला जावयांना सांगा. अंधार पडताना कांगारू रस्त्यावर येतात आणि मागं दीड-दोन टनांची खोली असताना ब्रेक मारला, तर ती खोली पुढच्या मोटारीला ढकलते. उतारावर भरल्या गाडीचं जू बैलांच्या मानेवर कसं येतं ते यजमानांना ठाऊक आहे, एका वाक्यात समजेल.

निघताना आतल्या कपाटांच्या खिट्या कुणीतरी एकानं बघायच्या. ‘कुणीतरी’ म्हटलं की कुणीच बघत नाही. आमच्याकडं मुलगा म्हणाला आईनं बघितल्या, आई म्हणाली मुलानं बघितल्या. दोनशे किलोमीटरवर दार उघडलं तर शेंगाचटणीची बरणी फुटून गादीपासून गॅसपर्यंत सगळं लाल. ती चटणी आम्ही पुढचे आठ दिवस चादरीतून झटकत होतो.

संडास असतो. त्याला खाली एक डबा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. दोन-तीन दिवसांनी ती ओढून काढायची आणि गावोगावी असलेल्या डंप पॉइंटवर रिकामी करायची. गटारात किंवा झाडाखाली ओतायची नाही. हे काम कोण करणार यावर तिकडच्या घरांत भांडणं होतात असं ऐकलं. ज्यानं चाळीस वर्षं गोठा काढला त्याला त्यात काही वाटत नाही, म्हणून मीच ते अंगावर घेतलं आणि सुनेच्या नजरेत एकदम वर चढलो. यजमानांनाही सुचवून बघा.

आता रोडिओ. मी चांगला सहा-सात तास बसून बघितला, त्यातलं काही आवडलं, काही अजिबात आवडलं नाही. दोन्ही सांगतो. म्हणजे जायचं की नाही, आणि गेलात तर कधी उठायचं, ते तुम्हाला ठरवता येईल.

आम्ही गेलो ते गाव डार्लिंग डाऊन्सच्या पश्चिमेला. वाटेत मी दोनदा गाडी थांबवायला लावली. माती काळी, आपल्या अथणी-रायबागसारखी, भेगा पडणारी. आणि तिच्यात जोंधळा उभा! बुटका, कमरेएवढा, कणीस लाल. खाली उतरून कणीस हातात घेतलं तेव्हा मुलगा म्हणाला, “अप्पा, हा जनावरांना घालतात.” आमची ही गाडीतूनच म्हणाली, “आपल्याकडं काय आपण खात होतो म्हणून जनावरांनी सोडला होता व्हय?”

बहुतेक गावांना शोग्राउंड असतं. म्हणजे कृषी प्रदर्शनाचं मैदान, एका कडेला गोठ्यांच्या शेड्स, गुरं चढवायचे धक्के, आंघोळीच्या खोल्या. एरवी तिथं थोडक्या पैशात कॅरॅव्हॅन लावू देतात. पण रोडिओच्या दिवसांत जागा आधी सांगून ठेवावी लागते, कारण घोड्यांचे ट्रक घेऊन स्पर्धक येतात आणि त्यांना आधी जागा. जागा मिळालीच तर गुरांच्या कुंपणापासून लांबची मागा असं सगळे सांगतील. मी उलट सांगतो. आम्ही कुंपणाला लागूनच होतो. रात्रभर गुरं हंबरत होती, सून सकाळी डोळे चोळत उठली, आणि आम्ही दोघं इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपलो होतो.

थंडी मात्र धरून चाला. ऑगस्ट म्हणजे तिकडं हिवाळ्याचा शेवट. दुपारी शर्टावर बसाल आणि रात्री दहिवर पडून बोटं वाकणार नाहीत. माकडटोपी न्या, तिथं कुणी हसत नाही. सगळेच डोक्यावर मोठाल्या टोप्या घालून असतात.

बसायला आपली घडीची खुर्ची न्यायची. कुठं मांडायची यात मी चुकलो. आपल्याला सवय अशी, की थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला. तिकडं तो उत्तरेकडून जातो. मी शहाणपणानं उत्तरेकडं पाठ न करता तोंड करून बसलो आणि अख्खी दुपार डोळ्यांवर हात धरून काढली. दुसरं, पहिल्या रांगेत बसू नका. कुंपणाजवळून बैल वळला की ढेकळं थेट मांडीवर.

खेळ असा असतो. रिंगणाच्या एका बाजूला लोखंडी खोपट्या असतात, जनावर जेमतेम मावेल एवढ्या. त्यांना चूट म्हणतात. स्वार वरून जनावराच्या पाठीवर उतरतो, मान हलवतो, दार उघडतं. आठ सेकंदं टिकायचं, एकाच हातानं धरून. मोकळा हात जनावराला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की बाद. आठ सेकंदं झाली की भोंगा वाजतो. गुण शंभरांपैकी, आणि माझ्या मते ताई, हीच यातली समजून घ्यायची गोष्ट आहे: अर्धे गुण माणसाचे, अर्धे जनावराचे. जनावर मठ्ठ निघालं तर स्वार कितीही नीट बसला तरी गुण पडत नाहीत, त्याला दुसरं जनावर देऊन पुन्हा बसवतात. बैलांची नावं लाऊडस्पीकरवर पुकारतात. माझ्या शेजारचा म्हातारा स्वारांना ओळखतच नव्हता, तो कुठला बैल कुणाच्या दावणीचा एवढंच सांगत होता. आपल्याकडं शर्यतीला असतात तसलाच.

जनावर उड्या का मारतं यावर मला परत आल्यावर दहा जणांनी विचारलं. वृषणं आवळून बांधतात म्हणे. नाही. मांड्यांच्या पुढं, पोटाच्या शेवटच्या भागाभोवती एक पट्टा असतो, आतून मऊ अस्तर लावलेला, आणि चूटचं दार उघडताना तो ओढून धरतात. मी चूटमागं जाऊन बघितला. शिवाय उसळणाऱ्या घोड्यांत घोड्याही असतात आणि खच्ची केलेलेही, त्यांना बांधायला वृषणं आणायची कुठून? पण पट्टा नकोसा वाटतो म्हणूनच जनावर मागचे पाय झाडतं. त्याला तो सुखाचा वाटतो असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. उड्या मारणारं जनावर त्यासाठीच पैदाशीतून निवडलेलं असतं, हेही तितकंच खरं.

यजमानांना जे सगळ्यात खुपेल ते वेगळं आहे. तिथल्या बैलाला वेसण नाही. मोरकी नाही, कासरा नाही, माणसाचा हातच नाही. क्वीन्सलँडच्या मोठ्या रानांतली गुरं वर्षातून एक-दोनदा घोड्यांवरून हाकून गोळा करतात, तेवढाच माणसाचा संबंध. बैल गेटमधून गेटमध्ये जातो, कुत्रा आणि घोडा यांना ओळखतो. आपला बैल मालकाच्या खोकण्यावर कान फिरवतो. ते नातं शोधायला गेलात तर तिथं ते सापडणार नाही आणि मग सगळंच क्रूर वाटेल. मला पहिला तासभर तसंच वाटलं.

मग एक बैल चूटमध्ये आला आणि मी खुर्चीतून उठलो. राखाडी रंग, गळ्याखाली झुलणारी पोळी, कान लोंबते आणि खांद्यावर हे एवढं वशिंड! सहा-सातशे किलोचं जनावर. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, ब्राह्मण. आम्ही शाकाहारी आहोत हे त्याला मघाशीच सांगितलं होतं, त्यामुळं मला आधी वाटलं हा माझी जात विचारतोय. ब्राह्मण हे त्या गुरांच्या जातीचं नाव. आपल्याकडून गेलेल्या गीर, कांकरेज, नेल्लोर आणि थोड्या प्रमाणात कृष्णा व्हॅली या जनावरांपासून अमेरिकेत ही जात तयार झाली. तिथून १९३३ मध्ये ती क्वीन्सलँडला आणली. विलायती गुरं तिथल्या उन्हानं आणि गोचिडांनी बेजार व्हायची, वशिंडवाल्यांना गोचीड फारसा त्रास देत नाही. आज तिकडच्या उत्तरेत जिकडं तिकडं त्यांचंच रक्त आहे आणि रोडिओच्या बैलांतही तेच.

कृष्णा व्हॅली म्हणजे आपलीच, कृष्णाकाठची. सांगलीकडच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं काळ्या मातीच्या खोल नांगरटीसाठी तयार केलेली. बेळगाव, विजापूर, सांगली हा तिचा मुलूख. नोकरीत असताना रायबाग-अथणीकडं मी ती बघितली, पण बोटांवर मोजण्याएवढीच. ट्रॅक्टर आला आणि एवढ्या मोठ्या जनावराला पोसणार कोण? इथं ती दिसेनाशी होत आली आणि तिच्या रक्ताचा कुठला तरी थेंब सातासमुद्रापार रिंगणात उड्या मारतोय. त्या एका बैलात तो होता का, हे मी सांगू शकत नाही. पण त्यानं स्वाराला तिसऱ्या सेकंदाला फेकलं तेव्हा मी टाळी वाजवली आणि आमच्या हिनं माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं.

यजमानांना हे आधी सांगा. व्हिडिओ दाखवू नका, वशिंड दाखवा.

स्वार पडला की दोघे-तिघे जण बैलासमोर धावून त्याला आपल्याकडं वळवतात. घोड्यांच्या खेळात हेच काम पिकअप मेन करतात, म्हणजे शेजारून घोडा पळवत उसळत्या घोड्यावरून स्वाराला कडेवर घेतल्यासारखं उचलतात आणि मग तो पट्टा सोडतात. मला अख्ख्या रोडिओत सगळ्यात आवडली ती ही माणसं. त्यांना गुण नाहीत, बक्षीस नाही. बायकांची बॅरल रेस बघाच. तीन पिंपांभोवती घोडा वळवत पळवायचा, पिंप पडलं की पाच सेकंदांचा दंड.

आवडलं नाही ते वासरू बांधणं. घोड्यावरून पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकतात, दोर ताणला की वासराला हिसका बसतो, मग स्वार उतरून त्याचे तीन पाय बांधतो. रानात वासरावर उपचार करायला हे लागत असेल. करमणुकीला कशाला? मी उठून चहा प्यायला गेलो. कार्यक्रमाचा कागद गेटवर मिळतो, त्यावर ‘रोप अँड टाय’ लिहिलेलं दिसलं की नातीला आइस्क्रीम घ्यायला घेऊन जा.

आणि आदल्या दिवशी त्याच मैदानावर कॅम्पड्राफ्ट असेल तर जावयांना सांगा की रोडिओ राहू दे, हा दाखवा. हा खास ऑस्ट्रेलियातलाच खेळ. कुंपणात थोडी गुरं असतात. स्वार त्यातलं एक निवडून वेगळं काढतो, दोन-तीनदा अडवून दाखवतो, ‘गेट!’ म्हणून ओरडतो, गेट उघडतं आणि मग त्या जनावराच्या खांद्याला घोड्याचा खांदा लावून त्याला खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवतो. शंभरांपैकी ७० गुण घोड्याच्या कामाचे, २६ वेगळं काढण्याचे, ४ खांबांचे. हातातून निसटलं की पंच चाबूक वाजवतो, संपलं. कुणी कुणाला फेकत नाही, कुणाला बांधत नाहीत. माळावर चुकार खोंड वळवलेल्या माणसाला ते बघताना आपसूक हातवारे होतात. यजमान जागेवर बसणार नाहीत.

जेवणाचं. तिथं स्टेक आणि सॉसेज यांचा धूर असतो. तुम्हाला चालतील असं वाटणाऱ्या बटाट्याच्या चिप्सही काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळं तेल कुठलं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. ब्रिस्बेनहून निघतानाच जोंधळ्याचं पीठ घ्या. कॅरॅव्हॅनमध्ये दोन शेगड्या असतात. मोठा तवा मावत नाही, भाकरी तळहाताएवढी थापा.

रात्री शेवटी बैलांची अंतिम फेरी असते. तोवर बिअरच्या कुंपणातली मंडळी बरीच मोकळी झालेली असतात. कुणी त्रास दिला नाही, पण नात लहान असेल तर आधी उठा.

प्रश्न : सर, मी शर्यतीची बैलं बाळगतो. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत बैलांवर बसून उड्या मारायला लावतात ते चालतं आणि आम्ही गाडी पळवली की बंदी? तुम्ही डॉक्टर लोकच सर्टिफिकेट देता, तुमचं खरं मत काय?
– रायबाग तालुका

उत्तर : बंदी होती, आता नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही थांबवल्या. मग राज्यांनी कायदे बदलले. कर्नाटकानं कंबळाबरोबर, म्हणजे चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीबरोबर, बैलांच्या शर्यतीही त्यात घातल्या, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिघांच्याही दुरुस्त्या कायम ठेवल्या. पण अटींवर. त्या अटी तुला माझ्याहून जास्त पाठ असतील.

तिकडं सगळं मोकळं आहे हाही गैरसमज. कॅनबेरा राजधानीच्या प्रदेशात रोडिओला सरळ बंदी आहे. व्हिक्टोरिया राज्यात २०० किलोच्या आतल्या गुरावर फास टाकता येत नाही, म्हणजे वासरू बांधणं बंदच. तिथली प्राणिरक्षणाची सगळ्यात मोठी संस्था रोडिओच्या विरोधात आहे. तुझ्यासारखीच पत्रं तिकडच्या स्वारांनीही लिहिली असतील.

माझं मत विचारलंस. मी शर्यतीच्या मैदानावर ड्युटी केलीय. एकदा एका बैलाचा मागचा पाय मला बरोबर वाटेना. मालक म्हणाला, “डाक्टर, थोडं लंगडतंय ते आळसानं, पळाय लागलं की सुटतंय.” मी सही दिली नाही. गावात दोन वर्षं तो माणूस माझ्याशी बोलला नाही, त्याच्या बायकोनं मात्र महिन्याभरात परड्यातल्या दारानं निरोप पाठवला, की सांधा सुजलाय, येऊन बघा. माझी तक्रार शर्यतीवर नाही. शेपटी पिरगाळणं, टोचणी, बॅटरीचा झटका, दारू पाजणं, यावर आहे. बैल मुळात पळतो. कर्नाटकी बेंदराला कर तोडायला सोडल्यावर कुणी टोचतं का त्याला? दिवाळी पाडव्याला बेळगावात गवळी मंडळी म्हशी पळवतात, शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून. म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं धावते. मागून हाणत नाहीत, पुढून बोलावतात. (फटफटीचा सायलेन्सर काढणं तेवढं बंद केलं तर म्हशींवर आणि माझ्यावर उपकार होतील.)

रोडिओकडून एक घेण्यासारखं आहे. जनावराला अर्धे गुण. आपल्याकडं बक्षिसाच्या ढालीवर मालकाचं नाव असतं, बैलाचं नाव भंडाऱ्याबरोबर उडून जातं.

प्रश्न : नातवाला मेलबर्नला कुंदा न्यायचाय. पॅक नीट केला तर चालेल का? – शहापूर, बेळगाव

उत्तर : नाही. दुधाचा कुठलाच गोड पदार्थ नेऊ नका, कुंदा तर नकोच. आपल्याकडं लाळ-खुरकत आहे, त्यांच्याकडं दीडशे वर्षं झाली, नाही. म्हणून ते इतके कडक. विमानात एक कार्ड देतात, त्यात खाण्याच्या वस्तूंबद्दल विचारतात आणि गेल्या तीस दिवसांत शेतावर, गुरांजवळ गेला होता का तेही विचारतात. खरं लिहा. मी ‘हो’ लिहिलं. त्यांनी चपला मागितल्या, तळवे उलटे करून बघितले, एका पोरीनं त्या नेल्या आणि धुऊन आणून दिल्या. आयुष्यात माझ्या चपलांना दुसऱ्या कुणी हात लावलेला हा एवढा एकच प्रसंग. ‘नाही’ लिहिलं असतं आणि तळव्याला शेण सापडलं असतं, तर दंड होता. निपाणीच्या ताईंनीही हे वाचावं: गोठ्यातल्या वहाणा घरीच ठेवा. कुंदा नातवाला इथं आल्यावर द्या, ताजा लागेल.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. आपल्याकडं अशी गाडी भाड्यानं घेऊन सौंदत्ती, चिंचली, बदामी असा आठ दिवसांचा फेरा करावा असं मनात आहे. झेपेल का? – खानापूर

उत्तर : गुरुजी, झेपेल, पण माघ महिना धरू नका. यात्रा असतात म्हणून तुम्हाला तोच हवासा वाटेल. त्याच वेळी कारखान्यांचा हंगामही असतो. चिकोडी-रायबाग-अथणीच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या उसाचे ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला. त्यांच्यामागं मोठी गाडी घेऊन अडकलात की ओलांडता येत नाही आणि थांबताही येत नाही. पावसाळा सरल्यावर, कारखाने पेटायच्या आत निघा, आणि दिवसाच चालवा. डंप पॉइंट आपल्याकडं धरू नका. संडास नसलेली गाडी घेऊन मुक्काम लॉजच्या किंवा ओळखीच्या मळ्याच्या आवारात करा. मळ्यात वीज घ्यायची असेल तर आधी वायरिंग कुणाला तरी दाखवा. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवरून आकडा टाकून कॅरॅव्हॅन चालवू नका, असं लिहितोय म्हणजे कुणीतरी टाकलेला बघितलाय.

आणि नवीन असं त्यात काही नाही हो. कडोलीच्या बाजूच्या आमच्या गावातून माघी पुनवेला यल्लम्माच्या डोंगराला आम्ही गाडीनंच जायचो. गाडीला तट्टे बांधायचे, वरून पाल, आत खाली गवत, त्यावर वाकळ. पुढं बैल, खाली लोंबणारा कंदील आणि मागं बांधलेलं कुत्रं, त्याला यायचं नसायचं तरी. सात-आठ गाड्यांची ओळ. वाटेत ओढा दिसला की सोडायच्या, तीन दगड मांडले की चूल. शोग्राउंडवर पहिल्या रात्री मी बाहेर खुर्ची टाकून बसलो होतो, ओळीनं उभ्या कॅरॅव्हॅन, प्रत्येकीपुढं एक दिवा, कुणीतरी कांदा परततंय. मुलगा म्हणाला, “अप्पा, कसं वाटतंय?” मी म्हणालो, “जोगनभावी कुठाय?” यल्लम्माला जाताना आंघोळीला थांबायचं ते कुंड, त्याला कळलं नाही. तो कधी गाडीनं गेलाच नाही.

तुम्हाला डिझेल कुठंही मिळेल. आम्हाला बैलांची वैरण घरूनच न्यावी लागायची. अर्धी गाडी कडब्यानंच भरलेली, त्यामुळं जाताना आई आणि आजी बसूनच यायच्या. परतीला कडबा संपलेला असायचा, आणि त्या रिकाम्या जागेत आई पाय लांब करून झोपायची, थेट गावाच्या वेशीपर्यंत.